चकेरीच्या भंगारातली लिबरेटर

दुसरं महायुद्ध संपलं आणि कानपूरजवळच्या चकेरी विमानतळावर ब्रिटिश हवाई दलाचे कारागीर एका विचित्र कामाला जुंपले गेले. कालपर्यंत ज्या विमानांची निगा राखली, तीच आता कामातून घालवायची होती. विमानं होती लिबरेटर, म्हणजे चार इंजिनांची, लांब पल्ल्याची बॉम्बफेकी. त्यातली काही तर कारखान्यातून बाहेर पडून दोन वर्षंही झालेली नव्हती. हुकूम असा की, ती पुन्हा कधी उडता कामा नयेत. मग कुदळींनी पत्रे फोडले गेले, घणांनी उपकरणांच्या काचा आणि तबकड्या फुटल्या, इंजिनांत वाळू ओतली गेली. त्या काळच्या आठवणींत हे सगळं सांगितलेलं आहे.

या नासधुशीच्या मुळाशी शत्रूची भीती नव्हती, हिशेब होता. ही विमानं ब्रिटिशांनी विकत घेतलेलीच नव्हती. अमेरिकेच्या ‘लेंड-लीज’ कायद्याखाली ती वापरायला मिळाली होती. युद्ध संपलं की माल परत करायचा, नाहीतर त्याची किंमत मोजायची, आणि दोन्ही नको असेल तर तो नष्ट करायचा, असा एकंदर प्रकार. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी लेंड-लीज बंद केलं. विमानं परत न्यायला अमेरिका उत्सुक नव्हती. तिच्या स्वतःच्याच अंगणात अशी हजारो विमानं पडलेली होती, आणि ॲरिझोनातल्या किंगमनला ती रांगेनं तोडून, वितळवून ॲल्युमिनियमच्या लाद्या पाडण्याचं काम लवकरच सुरू व्हायचं होतं. युद्धानं कंगाल झालेल्या ब्रिटनकडे किंमत मोजायला पैसे नव्हते. राहिला तिसरा मार्ग.

पण चकेरीला भट्टी पेटवलेली नव्हती. विमानं मोडली, वितळवली मात्र नाहीत. परतीच्या जहाजाची वाट बघणाऱ्या शिपायांनी हे कंटाळवाणं काम किती मनापासून केलं असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. डझनांनी विमानं, वर उत्तर प्रदेशचा उन्हाळा. कुठे जास्त फोडलं गेलं, कुठे कमी. एकाचा उजवा पंख गेला तर दुसऱ्याचा शाबूत राहिला. पुढचा सगळा इतिहास या अर्धवट कामामुळे घडला.

लिबरेटर म्हणजे काय प्रकरण होतं, ते थोडं सांगायला हवं. कन्सॉलिडेटेड कंपनीच्या या विमानाचं लष्करी नाव बी-२४. सगळ्या कारखान्यांत मिळून ही विमानं अठरा हजारांहून जास्त बनली. अमेरिकेनं दुसरं कुठलंही लष्करी विमान एवढ्या संख्येनं बनवलेलं नाही. मिशिगनमधल्या विलो रन इथे फोर्डनं मोटारींच्या धर्तीवर जोडणीची रांग उभारली होती आणि १९४४ मध्ये तिथून जवळजवळ तासाला एक लिबरेटर बाहेर पडत होतं. पंखांची लांबी ११० फूट, पण रुंदी अगदी कमी. हा चिंचोळा पंख हीच त्याची खरी करामत, त्याच्या जोरावर ते लांबवर जाई. पोट मात्र चौकोनी, डबड्यासारखं. बॉम्ब टाकायची दारं बाहेर उघडत नसत. ती दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत विमानाच्या कुशीवर चढत. रूपाच्या बाबतीत बी-१७ ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ या दुसऱ्या अमेरिकन बॉम्बरनं बाजी मारली. चित्रपटात तेच, पोस्टरवरही तेच. लिबरेटर उडवायला जड आणि दिसायला ओबडधोबड होतं, पण पल्ला त्याचा.

पूर्वेकडच्या युद्धात पल्ल्यालाच महत्त्व होतं. बंगालमधल्या दिग्री, सालबनी अशा तळांवरून उठायचं, बंगालचा उपसागर ओलांडायचा, रंगून किंवा बँकॉक गाठायचं, युद्धकैद्यांच्या रक्तावर बांधलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचे पूल फोडायचे आणि परत यायचं. पेनांगच्या बंदरात सुरुंग पेरायला गेलेली विमानं तीन हजार मैलांहून जास्त अंतर कापून परतली. ब्रिटिशांच्या ताब्यातली ही लिबरेटर युद्धानंतर चकेरीला आणून उभी केली गेली.

१९४७ उजाडलं. फाळणीत हवाई दलाचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला टेम्पेस्ट, स्पिटफायर अशी लढाऊ विमानं आणि डकोटा आली. जड बॉम्बफेकी विमान एकही नाही. हे दुखणं काश्मीरच्या लढाईत उघडं पडलं. पूंछच्या बाजूला शत्रूच्या तोफांवर मारा करायला बॉम्बर हवे होते, तर आपल्या वैमानिकांनी मालवाहू डकोटात बॉम्ब ठेवले आणि रात्री उघड्या दारातून ते हातांनी बाहेर ढकलले. हवाई दलाचे अधिकारी मेहरसिंग यांच्यासारखा माणूस पुढे असल्यावर असली कामं होतात. याच ‘बाबा’ मेहरसिंगांनी मे १९४८ मध्ये जनरल थिमय्यांना शेजारी बसवून लेहच्या वाळूवर डकोटा उतरवलं होतं. पण दारातून बॉम्ब ढकलणं हे काही हवाई दलाचं धोरण होऊ शकत नाही. नवे बॉम्बर घ्यायचे तर परकीय चलन नाही, आणि लढाई चालू असताना विकायला कोणी राजीही नाही. अशा वेळी कोणाला तरी चकेरीची आठवण झाली. जी विमानं परत उडू नयेत म्हणून खास मोडून ठेवली होती, त्यांतली काही उडवता येतील का, हा प्रश्न बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टला विचारला गेला.

हा प्रश्न दुसरीकडे कुठे विचारून उपयोगही नव्हता. तसं का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल, आणि तिथे एक सोलापूरकर भेटतो. वालचंद हिराचंद. साखर, जहाजं, बांधकाम, मोटारी अशा जिथे तिथे हात घालणाऱ्या या माणसानं डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, तोच हा हिंदुस्थान एअरक्राफ्ट. तंत्राची बाजू विल्यम पॉली या अमेरिकन व्यापाऱ्याकडे होती. वालचंदांची आणि त्याची ओळख १९३९ च्या विमानप्रवासात झाली होती. सरकारनं आधी भागीदारी घेतली आणि १९४२ मध्ये कारभार आपल्याकडे ओढून घेतला. वालचंदांच्या हातून कारखाना गेला. मराठी वाचकाला त्याची हळहळ वाटली तर नवल नाही. पण आपल्या गोष्टीचा धागा त्याच्या पुढच्या वर्षात आहे. १९४३ मध्ये अमेरिकन हवाई दलानं हा कारखाना चालवायला घेतला आणि चीन-ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांची मोठी दुरुस्ती इथे होऊ लागली. डकोटा, मिचेल बॉम्बर, समुद्रावर उतरणारी कॅटॅलिना. हजारो भारतीय कामगार अमेरिकन मापाचे पाने हातात धरून अमेरिकन विमानं उघडायला आणि मिटायला शिकले. ब्रिटिश विमानांची मापं वेगळी, आट्यांची पद्धत वेगळी. त्या काळात भारतात अमेरिकन विमान आतून-बाहेरून ओळखणारे हात बहुतेक इथेच होते.

दुसरं कारण इंजिनाचं. लिबरेटरला प्रॅट अँड व्हिटनीची चार ‘ट्विन वास्प’ इंजिनं असतात. चौदा सिलिंडर, प्रत्येकी बाराशे अश्वशक्ती. आणि डकोटालाही तीच, फक्त दोन. लिबरेटरला उंचावर जायचं असल्यामुळे जोडीला टर्बो-सुपरचार्जर असे आणि त्यानुसार काही भाग बदलत, पण जात एकच. युद्धानंतर देशभर डकोटांचा सुळसुळाट झाला होता. जुनी लष्करी डकोटा विकत घेऊन नवनव्या खासगी विमान कंपन्या निघत होत्या आणि त्या डकोटांचं रूप पालटायचं काम बंगळुरूच करत होतं. त्यामुळे ‘ट्विन वास्प’ची कारागिरी आणि सुटे भाग घरातच होते. चकेरीत इंजिनांत वाळू ओतणाऱ्यांना याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. दुरुस्तीच्या गोष्टीत आपण जिद्दीचं कौतुक करतो ते ठीकच, पण जिद्दीला असा एखादा कोरडा तांत्रिक योगायोग लागतो, त्याशिवाय ती फुकट जाते.

बंगळुरूची माणसं चकेरीला आली. तिथे सगळं काम करणं शक्यच नव्हतं. ना यंत्रं, ना छप्पर. मग ठरलं असं की, विमान जेमतेम उडेल एवढंच इथे जमवायचं, बंगळुरूपर्यंत न्यायचं आणि तिथे पुरतं उघडायचं. एका विमानाचा पंख, दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याची चाकं अशी जुळवाजुळव झाली. भोकांवर पत्र्याची ठिगळं बसली. आणि मग हे विमान घेऊन सुमारे दीड हजार किलोमीटर उडायचं. ते उडवलं कॅप्टन जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी.

मुन्शी हे हिंदुस्थान एअरक्राफ्टचे चाचणी वैमानिक. लिबरेटर त्यांनी आधी कधी उडवलेलं नव्हतं आणि पुस्तिका वाचून ते शिकले, असं सांगितलं जातं. बरोबर अगदी मोजकी माणसं. युद्धात हे विमान दहाएक जण मिळून उडवत. एखादं विमान असं नेणं हे धाडस म्हणता येईल. मुन्शींनी अशा फेऱ्या एकामागून एक केल्या आणि चाळीसच्या घरात लिबरेटर बंगळुरूला पोचवली. प्रत्येक विमान वेगळ्या तऱ्हेनं मोडलेलं, म्हणजे प्रत्येक उड्डाण नव्यानं पहिलंच. यातलं एकही वाटेत पडल्याची गोष्ट ऐकायला मिळत नाही. १९५१ मध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान पहिल्यांदा आकाशात गेलं, तेव्हाही चालक मुन्शीच होते. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गॉटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले. मराठीत त्यांच्यावर थोडंफार लिहिलं गेलं आहे. मुन्शींवर मात्र कुठल्याच भाषेत जाड पुस्तक नाही. आपल्याकडे आखणाऱ्याला निदान तळटीप मिळते, चाचणी वैमानिकाला तीही नशिबानं.

बंगळुरूच्या हँगरात पुढे जे झालं ते वरवर पाहता रटाळ काम आहे, आणि मला तर ते सगळ्यात मोलाचं वाटतं. विमानाचं अंग म्हणजे पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून फासळ्या, आणि दोन्ही एकत्र धरून ठेवणारे लाखो रिव्हेट. फुटलेला पत्रा बदलायचा तर आधी रिव्हेट काढावे लागतात. डोक्यावर बरोबर मध्यभागी ड्रिल धरायचं, डोकं उडेल इतपतच खोल जायचं, आणि उरलेली दांडी अलगद मागे ठोकायची. हात जरा हलला की भोक मोठं होतं, आणि मोठ्या भोकाला पुढच्या मापाचा रिव्हेट लागतो. असं दोनदा झालं की फासळीच बदला. नवा पत्रा बसवताना दोन माणसं लागतात. बाहेरचा हवेची बंदूक चालवतो, आतला त्याच जागी लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. दोघांमध्ये पत्रा असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. पत्र्यावर टकटक करून चालू, थांब, पुन्हा मार, एवढं सांगायचं. चिंचोळ्या पंखाच्या टोकाकडे आत शिरायला बारीक चणीचा माणूस शोधावा लागतो. सगळ्या जगात विमानांची मोठी दुरुस्ती अशीच होते, तेव्हाही आणि आजही. फरक एवढाच की इथे पत्रा अपघातानं फाटलेला नव्हता. कोणीतरी मुद्दाम, विचार करून फाडलेला होता, आणि फाडणाऱ्याला विमानाची नाजूक ठिकाणं माहीत होती.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली विमानं हवाई दलाच्या हाती आली आणि कानपूरला पाच क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. स्वतंत्र भारताची पहिली जड बॉम्बफेकी तुकडी. काश्मीरची लढाई तोवर संपत आली होती आणि १ जानेवारी १९४९ ला युद्धबंदी झाली. ज्या निकडीपोटी ही विमानं उठवली, ती निकडच सरली. पण सरकारी जमाखर्चात आलेली वस्तू सहसा टाकून देत नाहीत, आणि लिबरेटरला काम मिळत राहिलं.

पुढची सतरा-अठरा वर्षं हे विमान आपल्या पुण्याच्या लोहगावचं. १९५१ मध्ये सहा क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्यात पुन्हा उभी राहिली. तिच्याकडे काम समुद्रावरच्या टेहळणीचं. पाच नंबरवाल्यांनी १९५७ मध्ये कॅनबेरा ही जेट विमानं घेतली आणि लिबरेटर सोडली. सहा नंबरवाल्यांनी ती धरून ठेवली. अरबी समुद्रावर दहा-दहा, बारा-बारा तास घिरट्या घालायच्या, जहाजं पाहायची, नोंदी करायच्या आणि संध्याकाळी सह्याद्रीच्या माथ्यावरून परत यायचं. या कामाला वेग लागत नाही, पल्ला आणि चिकाटी लागते, आणि लिबरेटरकडे या दोन्ही गोष्टी होत्या. साठच्या दशकात एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन विमानं जोडीला आली. त्यांतलं एक आज गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे, तीन शेपट्यांचं. गोव्याला जाणाऱ्यानं किनाऱ्यावरून थोडी वाट वाकडी करून ते बघावं. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या उतारूंना घेऊन फिरलेलं, मग लोहगावहून समुद्र राखलेलं आणि शेवटी १९७६ मध्ये नौदलाकडे गेलेलं, असे तीन जन्म एकाच पत्र्यात पाहायला मिळतात.

३१ डिसेंबर १९६८ ला लिबरेटर निवृत्त झालं. तोवर जगात दुसरं कुठलंही हवाई दल ते वापरत नव्हतं. अमेरिकेनं आपली हजारो विमानं केव्हाच वितळवली होती. बाहेर या जातीची विमानं हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच उरली होती, त्यातही धड अवस्थेतली फार थोडी. आणि पुण्यात मात्र ती रांगेत, उडण्याजोगी उभी होती. पश्चिमेकडच्या संग्रहालयांना एव्हाना जाग आली होती. युद्ध लढलेली पिढी पन्नाशीत गेली होती आणि आपल्या विमानाला हात लावून बघावं असं तिला वाटू लागलं होतं. चौकशीची पत्रं येऊ लागली.

कॅनडानं बाजी मारली. १९६८ मध्येच एचई ७७३ क्रमांकाचं लिबरेटर त्यांचे वैमानिक ओटावाला उडवत घेऊन गेले. बदल्यात काय मिळालं, ते ऐकण्यासारखं आहे. आपल्याला एक लायसँडर मिळालं. छोटं, एक इंजिनाचं, वाकड्या पंखांचं विमान. वरवर पाहता हा सौदा हत्तीच्या बदल्यात घोडा वाटतो. पण १९४१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला लायसँडर मिळाली होती, आणि ती घेण्याचे पैसे मुंबईच्या युद्धनिधीतून आले होते. पुढच्या वर्षी ब्रह्मदेशात करुण कृष्ण मजुमदार, म्हणजे ‘जंबो’ मजुमदार यांनी त्याच विमानांतून जपान्यांच्या तळावर बॉम्ब टाकले. भारतीय तुकडीच्या शौर्याचा तो पहिला मोठा प्रसंग. त्यांतलं एकही विमान आपण जपलं नव्हतं. स्वतःच्या इतिहासाचा तुकडा परत मिळवण्यासाठी दुसऱ्याच्या इतिहासाचा तुकडा द्यावा लागला. १९६७ मध्ये दिल्लीत पालमला हवाई दलाचं संग्रहालय निघालं होतं, म्हणून निदान कोणाच्या तरी डोक्यात हा विचार आला. तो आधीच आला असता तर आपलं एखादं लायसँडरही उरलं असतं.

१९६९ मध्ये दुसरं विमान ॲरिझोनातल्या टूसॉनच्या पिमा संग्रहालयात गेलं. १९७३ मध्ये एक डेव्हिड टॅलिचेट नावाच्या हौशी माणसानं अमेरिकेला नेलं. ते आज फ्लोरिडातल्या ‘फँटसी ऑफ फ्लाइट’मध्ये आहे. १९७४ मध्ये ब्रिटिशांनी आपलं एक परत मागितलं आणि भारतानं दिलं. त्याचा ब्रिटिश क्रमांक केएन ७५१. हे युद्धाच्या अखेरीला कोकोस बेटांवरच्या ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होतं. ज्यांनी फोडायचा हुकूम दिला, त्यांच्याच संग्रहालयात ते मानानं उभं राहिलं, आधी कॉसफर्डला आणि नंतर लंडनला हेंडनमध्ये. त्या देवघेवीत कोणी हा विनोद बोलून दाखवला असेल का, असं मनात येतं.

सर्वात मोठा प्रवास एचई ७७१ चा. हे विमान १९४४ मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला बनलं, ब्रिटिशांना गेलं, चकेरीला मोडलं, बंगळुरूला जगलं, वीस वर्षं भारतीय हवाई दलात राहिलं आणि नंतर उघड्यावर पडून राहिलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डग अर्नोल्ड या ब्रिटिश संग्राहकानं ते घेतलं, सुटं केलं आणि एका मालवाहू बेलफास्ट विमानात घालून इंग्लंडला नेलं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं ते विकत घेतलं. आधी मॅसॅच्युसेट्समध्ये, मग फ्लोरिडातल्या किसिमीमध्ये काम चाललं. सगळं उघडलं, प्रत्येक तार, प्रत्येक नळी बदलली, इंजिनं नव्यानं बांधली. सगळ्यांच्या कामाचे तास मोजले तर ते लाखाच्या घरात गेले. सप्टेंबर १९८९ मध्ये ते उडालं. त्यानंतर तीस वर्षं ते अमेरिकेतल्या गावोगावच्या विमानतळांवर उतरत राहिलं. म्हातारे वैमानिक नातवंडांना घेऊन येत आणि पत्र्यावर हात ठेवून उभे राहत. अलीकडच्या वर्षांत जगात उडणारी लिबरेटर दोनच होती. त्यांतलं एक बंगळुरूचं हे आणि दुसरं युद्धाच्या पहिल्या टप्प्यातलं ‘डायमंड लिल’.

आता माझी तक्रार. एचई ७७१ ला अमेरिकन ‘ऑल अमेरिकन’ रंगात रंगवलं. मग काही वर्षांनी ‘ड्रॅगन अँड हिज टेल’ नावाच्या विमानाचं भलं मोठं चित्र त्याच्या नाकापासून शेपटीपर्यंत काढलं. ते मूळ विमान पॅसिफिकमध्ये लढलेलं, किंगमनच्या कत्तलखान्यात तोडलं गेलेलं. २००५ मध्ये पुन्हा रंग बदलला, नाव ‘विचक्राफ्ट’, १३० मोहिमा करून आलेल्या आणखी एका विमानाच्या स्मरणार्थ. तीन नावं, आणि तीनही दुसऱ्याची. ज्या खुणा घेऊन हे विमान वर्षानुवर्षं उडालं, त्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळाची पाळी काही आली नाही. फ्लोरिडातलं ‘डिलेक्टेबल डोरिस’ झालं. कॅनडातल्यानं कॅनडाचा क्रमांक घेतला. देणगी देणारे लोक आपल्या काकाचं विमान बघायला येतात हे मला कळतं, आणि मूळ काकाचं विमान वितळून गेलं, तर दुसऱ्या कोणावर तरी त्याचं नाव घालावंच लागणार. पण संग्रहालयातल्या पाट्यांवर पुष्कळदा भारताचा भाग एका ओळीत संपतो. ‘युद्धानंतर भारतात वापरलं गेलं’. त्या ‘वापरलं गेलं’मध्ये मुन्शी, ठोकळा धरून बसलेला फिटर आणि लोहगावचे पुष्कळ वैमानिक सगळेच गडप होतात. त्या वीस वर्षांनी विमान राखलं, म्हणून संग्रहालयवाल्यांना ते रंगवायला मिळालं, एवढं तरी लिहायला हवं होतं.

इथे आपणही फार साळसूद असल्याचं सोंग घेऊ नये. २०१८ मध्ये आपल्या हवाई दलाला एक डकोटा भेट मिळालं. माजी हवाई अधिकारी एम. के. चंद्रशेखर यांच्या नावानं त्यांचे चिरंजीव राजीव चंद्रशेखर यांनी ते दिलं. आयर्लंडमध्ये भंगारात पडलेलं हे विमान इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत दुरुस्त झालं आणि उडत भारतात आलं. त्याचं नाव ठेवलं ‘परशुराम’ आणि क्रमांक रंगवला व्हीपी ९०५. हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला पोचलेल्या डकोटाचा. भेट मिळालेलं विमान श्रीनगरला गेलेलं नव्हतं. ते ब्रिटिश हवाई दलात आणि पुढे प्रवासी वाहतुकीत वाढलेलं. म्हणजे जे कॉलिंग्जवाल्यांनी केलं तेच आपण केलं, आणि हिंदनच्या हवाई तळावर ते आकाशात दिसलं की लोकांचे डोळे भरून येतात. मला ते चूक वाटत नाही. फक्त त्याच न्यायानं ‘विचक्राफ्ट’वर फार रागावण्याचा हक्क थोडा कमी होतो.

पालमच्या संग्रहालयात एचई ९२४ आहे. चकेरीच्या त्याच गठ्ठ्यातलं, बंगळुरूला उघडून मिटलेलं, भारतीय क्रमांकासह आणि भारतीय वर्तुळासह. त्याच्याजवळच कॅनडाकडून आलेलं लायसँडर आहे आणि हवाई दलाच्या पहिल्या दिवसांतलं वापिटी. पूर्ण अवस्थेतलं वापिटी जगात हे एकच. दिल्लीला गेल्यावर आपण लाल किल्ला बघतो, राजघाटावर जातो. पालमला जाणारे कमीच. विमानाला हात लावायचा मोह आवरणं मात्र कठीण जातं. पत्र्यावर जवळून पाहिलं की रिव्हेटांच्या रांगा दिसतात. कुठे सरळ, कुठे किंचित वाकलेल्या. अमेरिकन कारखान्यातल्या कोणत्या आणि बंगळुरूच्या कोणत्या, हे ओळखणारी माणसं आता जवळपास उरलेली नाहीत. त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या असतील तर त्या बंगळुरूच्या कारखान्यातल्या कुठल्या तरी कपाटात असतील, आणि हे कपाट उघडणं, लिबरेटरचे पत्रे मोजण्यापेक्षा, मला आता जास्त तातडीचं काम वाटतं.